बाकावरची रंगुबाई

काष्टी, ५ फेब्रुवारी १९७३

आले एकदाची! दौंडहून एसटीनं धुरळ्यात न्हाऊन उतरले, तर विजयमालाकाकू स्वतः स्टँडवर हजर. त्यांचे यजमान डॉ. राधाकृष्ण वर्षापूर्वी वारले, तेव्हापासून गावाबाहेरचा हा दवाखाना बंदच होता. पुढं ओटा, त्यावर रोग्यांसाठी लाकडी बाक, आत तपासायची खोली, मागं माझी राहायची जागा, शेजारी काकूंचं घर. भिंतींना नुकताच चुना दिलाय. मला फार आवडलं.

इंटर्नशिप संपली, पण पुढचं काही ठरत नाही. पपा म्हणतात, लिडिया, तू नगरला मिशनच्या दवाखान्यात जा. पुण्याच्या मॅडम म्हणतात, बाळंतपणाचं पुढचं शिक्षण घे, ऑपरेशन शीक. मला दोन्ही हवंय आणि दोन्ही नको. म्हणून ईस्टरपर्यंत इथं, स्वतःची प्रॅक्टिस मानवते का बघायला.

९ फेब्रुवारी

दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं येतात. ठेचलेली बोटं, डोळ्यांत गेलेली कच, पोरांचे जुलाब. मुक्ताबाई नावाच्या म्हातारीचं गळू फोडलं तर तिनं माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. सकाळी वाटतं, इथंच राहावं. संध्याकाळ झाली की पुण्याची आठवण. जेवताना उठते, अंगणात फेऱ्या घालते, पुन्हा ताटावर बसते. काकू हसतात.

१३ फेब्रुवारी

दुपारी कंपाउंडर कानिफनाथ जेवायला गेला होता. ओट्यावर बाकावर एक बाई बसलेली. दिवस भरलेले, पायांवर धूळ. नाव रंगुबाई म्हणाली. मागल्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, म्हणून थांबलेय, म्हणाली.

मूल आडवं आहे. पोटाला नळी लावली, बाळाचे ठोके स्वच्छ, घाईघाईचे. मग तिचं मनगट धरलं. नाडी लागेना. गळ्याशी बघितलं, छातीशी बघितलं. नाही. हात उन्हातून आलेल्या माणसाचा वाटत नव्हता, गार होता.

तिनं एवढंच विचारलं, "बाई, तुमी कापून काढता का?"

मी म्हणाले, मला ते येत नाही, नगरला जावं लागेल. ती पुन्हा बाकावर जाऊन बसली. कानिफनाथ आला तेव्हा बाक रिकामा होता.

१५ फेब्रुवारी

काल आली. आजही. नाडी नाही. बाळाचे ठोके परवापेक्षा मंद. माझी बोटं चुकत नाहीत.

संध्याकाळी काकूंना विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या, पाखडतच राहिल्या. मग म्हणाल्या, दोन उन्हाळ्यांमागं रंगुबाई ह्याच बाकावर गेली. मूल आडवं होतं, यजमानांना कापायला येत नव्हतं. जीपगाडी बोलावली, ती यायला सांज झाली. रंगुबाई गेल्यावरही पोट थोडा वेळ हलत होतं.

मी ओरडलेच, आधी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर ऱ्हायली असतीस का, बाई?" त्या म्हणाल्या. "बाईमाणूस डाक्टर आली तर ती सुटंल, असं वाटलं मला."

१६ फेब्रुवारी

ट्रंक भरली. स्टँडवर गेले. एसटी लागली, लोक चढले. माझा पाय पायरीवर होता, आणि मनात एकच, ते ठोके आज किती मंद झाले असतील? बाई मेलेली आहे, हे कळतं. पण मूल जिवंत आहे, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. गाडी सोडली. परत आले.

ती बसलेली होती. ठोके थांबत थांबत पडत होते.

१७ फेब्रुवारी

पुस्तकात ते कापून काढायचं प्रकरण सकाळपासून वाचतेय. पुण्यात मी फक्त शेजारी उभी राहून जखम उघडी धरली आहे. चाकू कधी नाही. खाता येत नाही, बसता येत नाही. कानिफनाथला आठवडाभर सुट्टी दिली.

दुपार. झालं.

ती आपणहून टेबलावर झोपली. रक्त आलं नाही. एक थेंबही. मूल हाताशी लागलं, उबदार होतं. मुलगी. एकदाच रडली. रंगुबाई उठून बसली, तिला पदराखाली घेतलं आणि उन्हात चालत गेली. ओट्यावरून मी बघत राहिले. मोकळं वाटलं. किती दिवसांनी भूक लागली! पपांना कळवणार आहे, ठरलं माझं. पुण्याला जाणार. हेच शिकणार.

१८ फेब्रुवारी

आज रविवार. दवाखाना बंद. दुपारी कडी वाजली.

बाकावर तिघी.

पोटाला हात लावून. पायांवर धूळ—

१९ फेब्रुवारी

बाक पुरत नाही. ओट्यावर, पायऱ्यांवर, अंगणात. एक कोपरगावहून चालत आलीय. म्हणाली, रंगुबाईनं सांगितलं.

नाडी कुणालाच नाही. ठोके सगळ्यांच्या पोटात.

काकूंना हाका मारल्या. त्यांनी घराचं दार आतून लावून घेतलंय.

२०—

फाटकापर्यंत गेले. वाट देत नाहीत. हात लावत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. मी सांगतेय, मला येत नाही, एकदाच केलंय, शिकायला जायचंय मला, शिकून येते—

हसतात. म्हणतात, "जायचं कशाला, बाई? हितंच शिकाल. आमी हाय की."

दुपार सरत नाही. ऊन तिथंच आहे—

पहिली टेबलावर झोपलीय. पाणी मी ठेवलं नव्हतं, तरी स्टोव्हवर उकळतंय. पलीकडच्या दोघी माझे हात धुताहेत. गार बोटं. एकीनं चाकू दिलाय, आणि मी तो घेतल—