आपल्या विहिरीची बाटली

बाबा,

काल फ्रिजमध्ये तपासणीच्या पाण्याच्या सहा बाटल्या ठेवल्या होत्या. आज पाच भरलेल्या आहेत आणि सहावी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली. शेजारी चहाचं भांडं. नेमकी तीच बाटली आपल्या विहिरीची होती आणि तसं तिच्यावर ठळक लिहिलंही होतं, तेव्हा चुकून झालं म्हणू नका.

मी चिडलेली नाही. नमुना टिकावा म्हणून घालतात ते आम्ल तिच्यात घातलं नव्हतं, हे आपलं नशीब. एका बाटलीने काही होत नाही, पण पुन्हा नको. जुन्या कचरा डेपोखालचं, आपल्या विहिरीपर्यंत झिरपलेलं दूषित पाणी सफाईचे पंप अजून उपसतायत.

विहिरीचं पाणी पुन्हा भरून लॅबला द्यायचंय, म्हणून लवकर निघाले. पोळ्या डब्यात आहेत. पिण्याचं पाणी पिंपातलंच घ्या.

विहीर बंद झाली तेव्हा मी रांगत होते. त्या पाण्याची चव मला माहीतच नाही. संध्याकाळी खरं सांगा, आई त्या पाण्याचा करायची तसा चहा झाला होता का?

मागच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. बेंझीन लिटरला दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. सफाई सुरू झाली तेव्हा आपल्या विहिरीत एकेचाळीस होतं. आता चौदा आहे.