लेकींचं पान परत आलं, नाना!

प्रिय नाना,

तुम्ही जाऊन सव्वा महिना झाला. एवढ्या दिवसांत रडायला वेळ मिळाला, लिहायला मिळाला नाही. आज लिहितेय, कारण आज जीव भांड्यात पडलाय, आणि असं काही झालं की पहिला फोन तुम्हाला लावायची सवय आहे. आता फोन कुठे लावू? म्हणून हे पत्र.

लेकींचं पान सापडलं, नाना! सगळी नावं जिथल्या तिथे आहेत. बोदवडच्या इंदूआत्याचं आहे, माझंही आहे.

‘हरवलं कधी?’ असं तुम्ही विचारणार. तेच सांगायचंय, पण सांगताना माझी मान खाली जाणार आहे. रागावू नका. रागवायचं कंत्राट आपल्या घरात माझ्याकडे आहे, हे तुम्हीच लिहून ठेवलंय!

आठवतं ना, कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपली आणि तुम्ही वंशावळीच्या मागे लागलात? कुणाचंही लग्न असो, तुम्ही पंगत उठायच्या आत चार म्हाताऱ्यांना कोपऱ्यात घेऊन वही उघडून बसायचात. आई वैतागायची, पण तुम्ही तिलाही तिच्या आजेसासूचं नाव विचारायचात. मग मी तुम्हाला मोबाइलवर तक्ता करायला शिकवलं. एका बोटाने टाइप करत तुम्ही सहा महिन्यांत सात पिढ्या भरल्या.

वंशावळीत लेकी नसतात. आपल्याच काय, कुणाच्याच नसतात. तुम्ही मात्र त्याच फाइलमध्ये दुसरं पान काढलंत आणि त्याला नाव दिलंत ‘लेकी’. कोण, कुणाची, कुठे दिली, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. ‘इंदू, बोदवडला दिली, गळा गोड.’ ‘सुनंदा, पहूरला दिली, रागीट पण पोटात काही ठेवत नाही.’ मी भांडले होते त्या शेऱ्यावरून. तुम्ही हसलात, पण खोडला नाहीत.

आणि मग ती फाइल तुम्ही भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलीत. मी सांगितलं होतं नाना, सगळ्यांना एडिट देऊ नका, नुसतं बघायला द्या. तुम्ही काय म्हणालात? “बठ्ठासनं शे ना, मंग कुलूप कसाले?” सगळ्यांचंच आहे म्हणून कुलूप नको! आता सांगा, माझं ऐकलं असतं तर हे झालं असतं का? पण थांबा, दोष तुमचा नाही. पुढे ऐका.

तुमच्या उत्तरकार्याची पत्रिका छापायची होती. धुळ्याच्या छापखान्यातून सारखे फोन येत होते, खाली ‘शोकाकुल’मध्ये कुणाकुणाची नावं घ्यायची? मी फाइल उघडली. पत्रिकेवर लेकींची नावं घालत नाहीत, छापणाऱ्याचा उगाच गोंधळ नको, म्हणून दुसरं पान काढून टाकलं आणि उरलेलं त्याला पाठवलं. काढताना मोबाइलने एकदा विचारलंसुद्धा, नक्की काढायचं का? मी म्हटलं, काढ बाबा. माझ्या मोबाइलमधली माझी प्रत आहे, दुसऱ्याचं काय जातंय!

पंधरा दिवसांनी इंदूआत्याचा आवाज ग्रुपवर आला. “सुनंदा, मन्हं नाव कोठे गयं व माय?” तुम्ही होतात तोवर ती रोज ते पान उघडून बघायची म्हणे; तुम्ही गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. नाव वाचता येतं तेवढंच तिला, पण ते रोज वाचायची. मला हे माहीतच नव्हतं. तुम्हाला होतं का?

मी फाइल उघडली. माझ्या प्रतीतून मी काढलंच होतं, म्हणून ग्रुपवरची तुमची लिंक उघडली. तिथेही पान नाही! आणि माझं डोकं फिरलं. एकच नाव समोर आलं, आपला प्रल्हाद. तुमचा पुतण्या, शिंदखेड्यात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा. आणि भर पंगतीत तुम्हाला म्हणाला होता, “नाना, लेकीस्ना नावे कसाले?” स्वतःच्या लेकीचं, वैशालीचं नावसुद्धा दिलं नव्हतं त्याने. मग दुसरा कोण असणार? मी ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांसमोर लिहिलं. ‘नानांची राख थंड व्हायच्या आत तू त्यांचं काम पुसलंस’, असं लिहिलं. शब्दन् शब्द आठवतोय, आणि आठवला की कान गरम होतात.

त्याने ग्रुपवर उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी फोन आला. “ताई, आठे ये. कोनी काढं ते देखाडस तुले.”

आज सकाळी सुरतेच्या गाडीने शिंदखेड्याला गेले. वाटभर भांडणाची तयारी केली. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. म्हणाला, ही व्हर्जन हिस्टरी. फाइलमध्ये कुणी, कुठल्या दिवशी, काय बदललं, याची सगळी नोंद असते. पत्रिका छापली त्या दिवसावर त्याने बोट ठेवलं. तिथे नाव होतं सुनंदा.

नाना, मी आधी काय म्हणाले असेन? “कुणीतरी माझ्या नावाने केलंय!” चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

“ताई, ती तुन्ही प्रत नव्हती,” तो शांतपणे म्हणाला. “फाइल एकच शे. तुले, माले, आत्याले, बठ्ठासले तीच दिखस.”

पंचवीस वर्षं मी शाळेत शिकवतेय, आणि मला वही आणि फळा यांतला फरक कळला नाही! मला वाटलं, तुम्ही लिंक पाठवली म्हणजे प्रत्येकाच्या हातात एकेक वही दिली. तो होता फळा. एकाने पुसलं की सगळ्या वर्गाचं पुसलं जातं. आपल्या सगळ्या लेकींची नावं एका लेकीनेच पुसली, नाना. मी तिथेच रडायला लागले.

त्याने एक बटण दाबलं. पत्रिकेच्या आदल्या दिवसाची फाइल जशीच्या तशी उभी राहिली.

“कसाले रडस? बठ्ठं जागावर शे.”

काय सांगू कसं वाटलं! छातीवरचा धोंडा उतरला. मी त्याला विचारलं, हे तुला फोन करण्याआधीच कळलं होतं ना? मग ग्रुपवर का नाही दाखवलंस? मी तर तुला काय काय बोलले.

“नानानी लेक शे तू,” एवढंच म्हणाला, आणि चहा सांगायला उठला.

मग मी विद्यार्थिनी झाले. व्ह्यूअर म्हणजे नुसता बघणारा, एडिटर म्हणजे हात लावू शकणारा. शेअर केलं म्हणजे दिलं नाही, दाखवलं. आपली वेगळी प्रत हवी तर ‘मेक अ कॉपी’ म्हणायचं, नाहीतर डाउनलोड करून घ्यायचं. सगळं वहीत उतरवलं. शेवटी त्याने मालकाचा रकाना दाखवला. तिथे अजून तुमचं नाव आहे आणि टोपीतला तुमचा फोटो. तुमचं खातं फार दिवस कुणी उघडलं नाही तर बंद होईल म्हणे, आणि त्याबरोबर फाइलही जाईल. म्हणून तिची एक प्रत माझ्याकडे घेतली, एक प्रल्हादने घेतली. तुमच्या फाइलवरचं तुमचं नाव मात्र आम्ही काढलं नाही.

परतीच्या गाडीतून ग्रुपवर लिहिलं: ‘पान मीच काढलं होतं. प्रल्हादचा काही दोष नाही. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागते.’ आत्याने तेवढ्यात एक ओवी म्हणून पाठवली. पान सापडल्याची तिची पावती!

आता नोकरीच्या गावी, जळगावला घरी बसून हे लिहितेय. मध्येच खात्री करायला फाइल उघडली. लेकींच्या पानावर अगदी खालच्या रिकाम्या ओळीवर एक हिरवी चौकट दिसतेय, आणि तिच्यावर नाव आहे प्रल्हादचं. तो आत्ता तिथे आहे. चौकट हलत नाही, लिहितही नाही. मी मोबाइलला बोटसुद्धा लावलं नाही, नाना. नुसती बघत बसले.

बऱ्याच वेळाने अक्षरं उमटली. ‘वैशाली, धुळ्याला दिली.’ मग शेऱ्याच्या रकान्यात: ‘बापाने नाव द्यायला उशीर केला.’

इंदूआत्याला उद्या वाचून दाखवीन. आणि तुम्हाला वचन देते, यापुढे या पानावर नावं फक्त वाढतील, माझ्या हातून एकही कमी होणार नाही.

तुमची,
सुनंदा