बिजागरीची पाचर

४ फेब्रुवारी, रविवार

पैज लागली. मागच्या पडवीत, वॉकरच्या साक्षीने.

आई न्हाणीच्या पायरीवर आठवड्यात दोनदा घसरली, हे दादाला फोनवर मीच सांगितलं. चुगली म्हणायची तर चुगली. तो आला तो ठरवूनच. आईला आपल्याकडे न्यायचं. सातवा मजला, लिफ्ट, बिनपायरीची न्हाणी, धरायला दोन्हीकडे दांडे. वहिनीने खोलीही रिकामी केलीय.

आई म्हणाली, "मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?"

दादाने पडवीतल्या तिच्या मोटरसायकलकडे बोट केलं. "चार वर्षं बंद आहे ती. स्वतः बसत नाहीस, विकू देत नाहीस. कशाला थांबलीयस इथे?"

"बंद नाही. आराम करतेय."

"मग उठव तिला."

"उठवते की! तीन आठवडे दे. उठली तर मी इथेच मरणार. नाही उठली तर येते तुझ्या कबुतरखान्यात."

दादा हसला. हसायला हरकत नव्हती. आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डावा डोळा अर्धाच चालतो, खुब्यात गेल्या वर्षीची सळई आहे. "आणि इंजिन उघडणार कोण?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मुद्रितं तपासते. आजवर मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ उघडून बसवलेत.

५ फेब्रुवारी

आई एकतीस वर्षं बसच्या गॅरेजमध्ये फिटर होती. दोनशे पुरुषांत एकटी बाई. सगळे फिटरबाई म्हणत. समोर.

पण घरात हत्यारं नाहीत. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणाने भरून आलं आणि तिने सगळी पेटी हाताखालच्या पोरांना वाटून टाकली. गेली सोळा वर्षं त्या भाषण करणाऱ्याला शिव्या देते. उरलेत तीन पाने, एक हातोडी, एक कानस.

"बाकीचं घरात आहे," म्हणाली. "नीट बघ. घर म्हणजे दुसरं काय असतं?"

एवढं भारी वाक्य ती चुकूनच बोलली असावी. पुढचं वाक्य होतं, "बाबांचा पट्टा आण."

७ फेब्रुवारी

पिस्टन अडकलाय. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल समसमान ओतलं. "औषध" म्हणते. दर चार तासांनी किकवर हलकेच पाय द्यायचा. हलकेच! मी उभी राहिले तेव्हा ओरडली, "दळण दळतेयस का?"

जुनी चादर जमिनीवर पसरली. निघेल तो भाग चादरीवर, निघाला त्या क्रमाने. रोज संध्याकाळी आई खुर्चीतून मोजते, मोठ्याने. आज अकरा.

जेवताना विचारत होती, "सातव्या मजल्यावर पाणी चढतं का गं?"

चढतं म्हटलं.

"चढेना का. मला काय!"

९ फेब्रुवारी

पिस्टन सुटला. मी किंचाळले. शेजारचा सुतार कुंपणावरून डोकावला.

१० फेब्रुवारी

हेड उतरवलं. आत व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हवर दाबून बसलेली स्प्रिंग. ती दाबायला वेगळं हत्यार लागतं. आपल्याकडे नाही. आईने सुताराचा शिकंजा मागवला आणि न्हाणीच्या जुन्या नळाचा वीतभर तुकडा. त्याच्या बाजूला करवतीने मला खिडकी पाडायला लावली. दीड तास! शिकंजा आवळला की नळी स्प्रिंगला दाबते आणि खिडकीतून चिमट्याने बारक्या खुंट्या काढता येतात.

हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून. गॅरेजमधली तिची पद्धत. "उडायचं ते पिशवीत उडू दे. गॅरेजात एकतीस वर्षांत माझी एक खुंटी हरवली नाही. पुरुषांच्या हरवायच्या. मग रांगायचे."

स्प्रिंग खरंच उडाली. पिशवीतच.

सुतार शिकंजा न्यायला आला तो तासभर बसला. आईने त्याला इंजिन समजावलं. जाताना मला म्हणाला, "तुमच्या आईला कंपनी पाहिजे हो कुणाची तरी."

मी आहे की. मी दिवसभर घरात असते. तोंड मुद्रितात असतं, ते वेगळं.

१२ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह घासणे. भिंतीला चिकटणाऱ्या साबणदाणीचा रबरी पंजा, त्याला ब्रशाचा दांडा, दोन तळव्यांमध्ये गरागरा. आई शेजारी बसून एकच शब्द बोलत होती: "अजून."

नंतर हेड उलटं करून खळग्यात रॉकेल भरलं. झिरपलं नाही. आईने चष्मा वर करून पाहिलं, मग बोट फिरवून पाहिलं. काही बोलली नाही. तिच्या शाळेत हा पहिला वर्ग.

आज साबण बशीत.

संध्याकाळी दादाचा फोन. आईने स्पीकरवर घेतला. "साहेब, तुमच्या इमारतीत खाली म्हाताऱ्या बसतात म्हणे पत्ते खेळत?"

"बसतात की. रोज पाच वाजता. तुझी वाट बघतायत."

"बसू देत. मला पत्त्यांचा राग आहे."

मला आठवतं तसं आई गॅरेजमध्ये जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांत सगळ्यांना लुटायची.

१४ फेब्रुवारी

वाईट दिवस.

ठिणगी पडत नव्हती. ठिणगीचा सगळा कारभार मॅग्नेटच्या पोटात, आणि मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर घट्ट बसलेलं जड लोखंडी भांडं. ते ओढायचं हत्यार आपल्याकडे नाही. पण मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल त्या भांड्याच्या आट्यांत बरोबर बसतो! जणू बनवणाऱ्यालाच आपल्यासारख्यांची दया आली असावी. भांडं फिरू नये म्हणून त्याला बाबांचा पट्टा गुंडाळून मी ओढून धरला. बाबा हयातीत गाडीला हात लावत नसत. पट्ट्याने कसर भरून काढली.

अ‍ॅक्सल आवळला, वर हातोडीची एक टिचकी, आणि मॅग्नेट सुटलं. आत दांड्याच्या खाचेत अर्ध्या चंद्रासारखी लोखंडी पाचर असते, नखाएवढी. मॅग्नेटला नेमक्या जागी तीच धरते. ती नसेल तर ठिणगी भलत्या वेळी पडते आणि गाडी सुरू होत नाही. आईने पाचर काढायला वाकून स्वतः हात घातला. मी हात पुसायला आत गेले. परत आले तर म्हणाली, "उडाली."

"कुठे?"

"मोरीकडे."

मी मोरीची जाळी काढली. कोपरापर्यंत हात घातला. काय काय सापडलं ते इथे लिहीत नाही. पाचर नाही.

संध्याकाळी मोजणी. कालपर्यंत चौऱ्याऐंशी, आजचे सहा. "एकोणनव्वद," आई म्हणाली. एरवी एक वायसर कमी पडला तर घर डोक्यावर घेते. आज म्हणाली, "जाऊ दे." वय झालं.

१५ फेब्रुवारी

पार्टवाला म्हणाला, "बाई, या मॉडेलची पाचर? मागवावी लागेल. महिना धरा."

घरी येऊन सांगितलं. आईने चष्मा पुसला. "झालं तर मग. हरलो."

तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला राग आला. कशाचा ते नंतर, भांडी घासताना कळलं. आई गेली की या घरात मी आणि मुद्रितं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून इथे आले तेव्हा आईने एक अक्षर विचारलं नव्हतं. नुसतं म्हणाली होती, "खाट कुठे लावू?" तिला हवं म्हणून नव्हे, मला हवं म्हणून ही गाडी सुरू झाली पाहिजे. निदान इथे तरी खरं लिहावं.

१६ फेब्रुवारी

दांड्याच्या खाचेत ओला साबण दाबला, सुकू दिला, अलगद काढला. साबणाचा अर्धा चंद्र! नेमकं माप. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आईला दाखवला. बराच वेळ हातात धरून बसली.

"कुठनं सुचलं?"

"घर म्हणजे दुसरं काय असतं?"

"जमणार नाही," म्हणाली. "कानशीने गोलाई येत नाही. मला नाही आली कधी."

१८ फेब्रुवारी

फाटकाच्या तुटक्या बिजागरीचं पान. जाडी जवळजवळ तीच. दोन दिवस कानस. बोटांना फोड. बिजागरीचे तीन तुकडे वाया. आई शेजारी बसते, पण "अजून" म्हणत नाही.

प्रकाशकाचा माणूस दोनदा येऊन गेला. कवितासंग्रह पडून आहे. पडू दे. कवी पंचवीस वर्षं थांबलाय.

१९ फेब्रुवारी

बसली!! टक् असा आवाज झाला. आईने ऐकला. "बसली वाटतं," म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली, वॉकर आपटत.

हिला कुणी आपल्यापेक्षा सरस झालेलं चालत नाही. पोटची असली तरी.

२१ फेब्रुवारी

पिस्टनच्या रिंगा दाबून सिलिंडरमध्ये घालायच्या. दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून पिस्टनभोवती गुंडाळला, वरून गॅसच्या नळीची क्लिप आवळली. सिलिंडर खाली सरकला, पत्रा निघून आला. सोपं. मग सगळ्यात सोप्यावर बोट कापून घेतलं.

पिस्टन वर आला की नाही ते बघायला प्लगच्या भोकात सरबताची नळी. नळी वर चढते, थांबते, उतरायला लागते. थांबते तिथे मॅग्नेट आणि टायमिंगच्या खुणा जुळवायच्या. आईने डोळे मिटून, नळीवर नुसतं बोट ठेवून सांगितलं, "इथे." मी तीनदा तपासलं. तिथेच.

२४ फेब्रुवारी

चादर रिकामी. नव्वदच्या नव्वद आत, त्यात एक माझा.

२५ फेब्रुवारी, रविवार

दादा अकराला आला. लिफ्टमध्ये मावेल अशी चाकाची खुर्चीही आणलेली. फाजील आत्मविश्वास आमच्या घरात वंशपरंपरेने आहे.

पहिली किक—काही नाही. दुसरी—काही नाही. तिसरीला किकने उलट फटका दिला, मी पडवीच्या खांबाला. दादा घड्याळ बघत होता. आई खुर्चीत, हातात लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ती आतलं सगळं ऐकते. डॉक्टरपेक्षा भारी.

सातव्या किकला सुरू झाली.

पांढरा धूर, मग निळसर, मग नुसता आवाज. संथ, गोल. मी नाचले. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, पडवीत, ऑइलने माखलेली. सुताराने कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "जिंकलीस, आई! मानलं." त्याने तिला मिठी मारली.

आईने स्क्रू ड्रायव्हर कानाला लावलाच नाही. मांडीवर ठेवला.

"बंद कर," म्हणाली. "पेट्रोल जळतंय फुकट."

आनंद लपवायची तिची जुनी पद्धत. दादा म्हणाला, "ठीक आहे, इथल्या न्हाणीला तरी दांडे बसवतो."

"बसव," म्हणाली.

२६ फेब्रुवारी

आई जेवली नाही. विजय पचला नसावा.

पाच वाजता फाटकाकडे तोंड करून एकटीच पडवीत बसली होती. गाडीकडे पाठ.

२७ फेब्रुवारी

औषधाच्या बाटलीवरचं वाचायला तिला जवळचा चष्मा हवा होता. मी शोधेपर्यंत ती झोपली. खाटेखालची बॅग ओढली.

भरलेली. चार साड्या, घड्या घालून. उरलेले तीन पाने, मोज्यात गुंडाळलेले. पत्त्यांचा नवा कॅट.

चष्म्याच्या डबीत चष्मा नव्हता. कापसात अर्धा चंद्र होता. कापूस तेलात भिजवलेला. पाचर गंजू नये म्हणून.

पाचर उडत नाही. तिला उडवायला तिथे स्प्रिंगच नसते. हे चौदा तारखेलाच कळायला हवं होतं. मुद्रितात असली चूक मी सोडली नसती.

तिने खाट लावून दिली होती, काही न विचारता. आता मला एकटीला टाकून जाते असं ती कुठल्या तोंडाने म्हणणार? हरली असती तर म्हणावं लागलं नसतं.

डबी बंद केली. बॅग होती तशी सरकवली.

२८ फेब्रुवारी

सकाळी मॅग्नेट पुन्हा उतरवलं, एकटीने. मग दादाला फोन केला, मुद्दाम मोठ्याने. "सुरू होत नाही रे. एका दिवसाची हौस होती. पैज तुझी. रविवारी ये, ती खुर्ची घेऊन."

आतून आई. "काय झालं तिला?"

"माझी पाचर तुटली."

मग वॉकरचा आवाज, दारापर्यंत. "तुटायचीच. बिजागरीची ती." आणि मग, "तुला करमेल ना गं?"

"पाच वाजता फोन करेन."

"पाचला नको. पाचला मी खाली असेन."

पाचर तुटलेली नाही. टेबलाच्या खणात आहे. तेल लावून.