बोरमाळेचा कस

सोनई, ४ फेब्रुवारी २०२५

ती. जयाआत्यास,
हर्षलचा शि. सा. न. वि. वि.

परवा दुपारी साडेबाराला मी भर दुकानात बोलून गेलो की हे सोनं सोळा कॅरेटसुद्धा नाही, आणि त्या घटकेपासून माझं सगळं फिरलं. मोबाईल त्याच संध्याकाळी भिंतीवर आपटला, म्हणून पत्र. हसू नकोस.

निकितापायी एका पोराचा दात पाडला, कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि छगनशेठच्या सराफी दुकानात येऊन बसलो, हे तुझं सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय. आता पुढचं ऐक. तिचं घोडेगावच्या आदिनाथशी ठरलं. त्यांच्यात रीत अशी की दोन्ही घरचं थोडं थोडं सोनं एकत्र आटवून नवरीचं गंठण घडवायचं. त्यासाठी निकिता, तिची आई आणि आदिनाथची आई रतनबाई, तिघी नेमक्या आमच्याच दुकानात आल्या. शेठ जेवायला गेलेले.

रतनबाईंनी पाटली काढून ठेवली, निकिताच्या आईनं आजीची बोरमाळ. माळ भरली बत्तीस ग्रॅम. मणी पोकळ, आत लाख, म्हणून नऊ ग्रॅम वजा केले. मग माळ अडकवायच्या फाशाजवळ, जोडावर, कसोटीच्या दगडावर एकदा घासली, तेजाबाचा थेंब सोडला. रेघ उडाली, म्हणजे सोनं हिणकस. आणि आत्या, मला बरं वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? असली गोष्ट सराफ नवरीच्या आईला बाजूला घेऊन हळूच सांगतो. मी ती रतनबाईंकडं बघत सांगितली. त्यांनी पाटली पर्समध्ये परत टाकली, म्हणाल्या, घरी विचारून कळवतो. निकिताच्या आईनं माळ रुमालात बांधली.

आता लग्न मोडणार म्हणतात. मोडू दे. दगडानं दाखवलं तेच मी बोललो. यात माझं काय चुकलं, तूच सांग.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
हर्षल

नेवासा, ७ फेब्रुवारी

चि. हर्षल यास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बापापेक्षा बेकार. पण मोबाईल फोडलास ते एक बरं झालं, दोन पानं तरी लिहिलीस.

दगडानं दाखवलं म्हणतोस. अरे बाबा, दगडाला तू दाखवलंस काय? माझी बोरमाळ छगनशेठच्या वडिलांनी तपासली हुती. फाशाशी घासली, मधला मणी घासला, शेवटचाबी घासला. मी विचारलं, एवढी घासाघीस कशाला? तर म्हणाले, बाई, जोडाला जो डाख देतात त्यात सोनं कमी आणि तांबं-चांदी जास्त, तिथं कस उतरणारच, माळेचा खरा कस मण्यात. हे शेठनं तुला शिकवलं नसंल असं मला वाटत न्हाई.

आणि एक विचारते, चिडू नको. निकितानं तुला कधी काही कबूल केलं हुतं का? दोन वर्षं एसटीत तिच्या मागच्या सीटवर बसलास, त्याला बोलणं म्हणत न्हाईत.

समोर असतास तर कान धरला असता. पण आधी जेवायला वाढलं असतं. माळ परत घासून बघ, बाळा.

आत्यावर जीव असू दे, राग माणसागणिक वाटत जाऊ नको.

तुझी,
जयाआत्या

सोनई, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

शेठनं शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी.

काल सकाळी तुझं पत्र वाचत होतो तोच निकिता एकटी दुकानात आली, रुमालात माळ बांधून. वाटलं, शिव्या देईल. मी तयारच होतो. ती म्हणाली, आई म्हणते तू मुद्दाम केलंस, पण मी तिला सांगितलं की हर्षल डोक्यानं गरम आहे, खोटारडा नाही. आजीला कोणीतरी फसवलं असणार, तिला कळायच्या आत माळ मोडीत घाल म्हणाली. आदिनाथ त्याच्या आईला समजावतोय, हेही तिनंच सांगितलं, आणि ते सांगताना अशी हसली की तसं हसणं मी एसटीत दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

मी मणी घासला. मग दुसरा. मग तिसरा. तेजाब टाकूनही रेघ पिवळीधमक. बावीस कॅरेट, आत्या.

शेठनी मला दुकानभर ऐकू जाईल असं झाडलं, माळ स्वतः तपासली आणि चिठ्ठी लिहिली: निव्वळ सोनं तेवीस ग्रॅम, कस बावीस. निकितानं माळ गळ्यात घातली, वरून ओढणी घेतली आणि गेली. चिठ्ठी घोडेगावला मीच नेतो म्हटलं.

रतनबाईंनी चिठ्ठी वाचून विचारलं, त्या दिवशी डोळे कुठं होते? मी कामाला नवीन आहे, असं सांगता आलं असतं. मी म्हटलं, मावशी, मी फक्त जोड घासला, मणी घासला नाही, कारण तो चांगला निघू नये असं मला वाटत होतं. त्यांनी चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. चहा आदिनाथनंच आणला. चांगला आहे गं तो, मेला.

तुझा लोभ आहेच, सध्या जरा वाढवून दे.

तुझा,
हर्षल

ता. क. चहा संपवला. रतनबाईंनी माझ्यासमोरच निकिताच्या घरी फोन लावला, गंठणाचं सोनं कधी आटवायचं ते विचारायला. फोन निकितानंच उचलला, तिचा आवाज मला खोलीच्या या टोकाला ऐकू आला. मी उठलो, चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.