उलटं छापलेलं खोरं

नाना, तुमची चित्रं जळगावात लागली होती. शाळेच्या सभागृहात, नुकताच चुना दिलेल्या भिंतींवर, तुमची टिटवी, तुमचा पळस, ती उन्हाळ्यातली कोरडी नदी, सगळी लाकडावर कोरून काळ्या शाईत छापलेली. विक्रीतून येईल ते सातपुड्यातल्या झाडांच्या राखणीला जाईल, असा फलक दाराशी होता. तुम्ही गेलात तेव्हा चार माणसं गोळा करताना शेजाऱ्यांची दमछाक झाली होती. मध्ये देशाचा झेंडा बदलला, आणि आता इतक्या वर्षांनी तुमच्या फोटोला हार काय, भाषणं काय. मला पहिल्यापासून त्यात काळंबेरं दिसत होतं, कारण हे सगळं जुळवून आणणारे होते आपले वखारवाले शेठ. जन्मभर लाकूड विकलेल्या माणसाला एकाएकी झाडांचा पुळका का यावा, तुम्हीच सांगा.

चित्रं मागायला ते धुळ्याला घरी आले, तेव्हा मी त्यांना चपलांपासून टोपीपर्यंत निरखून पाहिलं. चहा घेतला, तुमच्या फोटोला हात जोडले, आणि जरा जास्तच वेळ जोडले असं मला वाटलं. चित्रं द्या, पण लाकडी ठसे घरीच राहू द्या, असं ते आपणहून म्हणाले, तर मला त्याचाही संशय आला. ठसे नकोत म्हणणाऱ्याचा डोळा नक्की कशावर आहे? ते गेल्यावर आई आतून म्हणाली, "तुना बापनी बी कोनावर इस्वास ठेवा नही. तू बी तशीच." ते काही खरं नाही, नाना. तुम्ही विश्वास ठेवायचात. निदान आधी ठेवायचात.

आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तुम्ही मला अजून दिसता. उजेड तिथेच चांगला येतो म्हणून आईची जागा अडवून बसलेले, आणि ती कुरकुरत तुमच्या डोक्यावरून डबे काढते आहे. आठवडाभर तेलाच्या डब्यांवरच्या आणि कापडाच्या गाठींवरच्या छापांचे ठसे, आणि सुटीच्या दिवशी तुमची झाडं. एकदा मी एका तुकड्यावर माझं नाव कोरलं, चांगलं सरळ, वाचता येईल असं. छापलं तर उलटं उमटलं. मी हसत सुटले, तुम्ही नाही हसलात. लाकडावर उलटं कोरावं तेव्हा कागदावर सरळ येतं, हे ज्याला विसरायचं असेल त्याने पटाशी हातात धरू नये, असं म्हणून तुम्ही तो तुकडा चुलीत घातलात. मला फार राग आला होता. तुम्ही स्वतः दाढीचा आरसा शेजारी ठेवून प्रत्येक रेघ त्यात पाहायचात आणि मगच पुढची मारायचात.

लाकडाचे तुकडे शेठ वखारीतून पाठवायचे, म्हणून दर दिवाळीला तुम्ही त्यांना एक नवं चित्र द्यायचात. मग एका वर्षी मला बरोबर घेऊन तुम्ही रावेरच्या वरच्या अंगाला डोंगरात गेलात. आदल्या वर्षी तुम्ही चितारलेल्या अंजनाच्या झाडांच्या जागी नुसते तोडलेले बुंधे होते. आजूबाजूची, तुम्ही न काढलेली झाडं तशीच उभी होती. तुम्ही एका बुंध्यावर बसलात ते बराच वेळ उठलाच नाहीत. मग आपण आणखी आत गेलो. तिथे एका डोंगराच्या दोन अंगांना दोन खोरी आहेत, आणि त्यातल्या एकात उंच, सरळ अंजनांची राई. तिच्या सावलीत आपण भाकरी खाल्ली. त्या दिवाळीला तुम्ही शेठना नेमकं त्या राईचंच चित्र दिलंत. असं का केलंत ते मला तेव्हा कळलं नाही.

जळगावात ते चित्र दर्शनी भिंतीवर होतं. मी त्याच्यासमोर उभी असताना शेठ शेजारी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, नानांचं चित्र वखारीत लागलं, की माझी माणसं त्यातूनच झाडं हेरायची. मी कधी अडवलं नाही. हे सगळं त्याच्याच भरपाईसाठी करतो आहे." माझा संशय खरा ठरला, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग ते समोरच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "ही राई मात्र सापडली नाही. माणसं त्या खोऱ्यात जाऊन आली, तर नुसती काटेरी झुडपं. नानांचा हात शेवटी चुकायला लागला होता."

मी नीट पाहिलं. चित्रातली राई डोंगराच्या भलत्याच अंगाला होती. हात चुकला, आणि तुमचा? तुम्ही ते खोरं लाकडावर सरळ कोरलंत, नाना, कागदावर उलटं यावं म्हणून. माझे डोळे भरून आले, आणि शेठना वाटलं, ते त्यांच्या कबुलीने भरले. राई खरीच असेल तर पहिला राखणदार तिथे बसवू, कुठे आहे तेवढं सांगा, असं ते म्हणाले. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यात मी लबाडी शोधली, ती काही सापडली नाही. तरी मी म्हणाले, मला आठवत नाही.

मग राखणदार बसला तो चित्रातल्या खोऱ्यात. कधीकाळी इथे राई असणार, असं धरून त्या उघड्या उतारावर रोपं लावली, कुंपण घातलं. शेठ या वयात अधूनमधून चढून जाऊन पाहून येतात. यंदा मीही गेले होते. करंजाची रोपं माझ्या खांद्याला लागली, आणि राखणदार त्यांच्यात काठी घेऊन अगदी इमानाने फिरत होता. त्याची नजर चुकवून मी दुसऱ्या खोऱ्यात उतरले. राई उभी आहे, नाना.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आते सांगी टाक त्याले. मानूस बदलस." बदलतो, मलाही पटलं आहे. शेठवर माझा आता काडीचाही संशय उरलेला नाही. पण शेठच्या मागे वखार आहे, आणि वखार चालवायला मुलं आहेत. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी राहील. ट्रंक पुढे कोण उघडेल कोण जाणे, म्हणून डोंगराच्या कुठल्या अंगाला वळायचं ते मी तुम्हालाही लिहिलेलं नाही.