धाकट्याच्या वहीतली चौकशी

सोमवार
‘धाकट्या, तब्येत कशी आहे? तुझ्या बायकोचा गुडघा काय म्हणतो? नातीचा खोकला थांबला का? माझं उत्तम चाललंय.’

नव्या नोकरीत टाइप केलेल्या या माझ्या पहिल्या ओळी. पासष्टीला नोकरी लागली म्हणून घरी सगळे हसले. भावजयीने विचारलं, आता ताईंचा डबा मी भरू की काय. पुस्तकात बघून एकटीच टायपिंग शिकले होते, ते कामी आलं. धाकट्याच्या, माझ्या भावाच्या, कानात तीस वर्षं एक आवाज बोलतो. डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांवरून कॉम्प्युटरमध्ये त्याच्या मेंदूची नक्कल उभी केलीय. औषध आधी नकलेला द्यायचं, मानवलं तर त्याला. मी रोज सकाळी टाइप करून नकलेकडे घरगुती चौकशी करायची आणि उत्तर त्याच्यासारखं वाटतं का ते सांगायचं.

मंगळवार
उत्तर अगदी त्याच्या वळणाचं: ताई, गुडघा तिचा दुखतो आणि कण्हतेस तू. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग बाईंनी नकलेतला आजार वाढवला. नकलेने लिहिलं, कोणीतरी चौकशी करतंय, चेहरा दिसत नाही.

बुधवार
आवाज काय बोलतो, हे धाकट्याने कधी सांगितलं नव्हतं. आज खनपटीला बसले, तेव्हा ट्रंकेतून पहिल्या वर्षीची वही काढून दिली. कागद पिवळा, शाई विटलेली. त्यात बायकोचा गुडघा. नातीचा खोकला. तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं.

गुरुवार
वहीचं ऐकून बाई म्हणाल्या, मनाचे खेळ आहेत. नकलेला मुद्दाम वेगळंच विचारलं — निळ्या छत्रीची मूठ बसवलीस का? घरी येऊन वहीचं पान उलटलं. निळी छत्री.

शुक्रवार
आज काही विचारलं नाही. त्याला छळणारी मीच —

शनिवार
वहीच्या पुढच्या पानावर एवढंच: ‘आज आवाज नाही. ही शांतता सोसवत नाही. तळ्यावर जातो.’ तो दिवस मला आठवतो. केसांना धरून बाहेर काढला होता त्याला. मी काल गप्प बसले, म्हणून —

बाईंना सांगितलं, माझी चौकशी यंत्रालाच करू दे. सारखी. खंड नको.

शनिवार, दुपार
किती वेळ चालू आहे, विचारलं. तासभर. असं सलग चालवलं की नकलेत तासाभरात तीस वर्षं सरतात म्हणे.

तीस —

थांबवायला हात नेला. पण थांबवलं की तळं. चालू ठेवलं की कानातला तो आवाज —

धाकट्या, तूच सांग, मी काय करू? बटणावर बोट आहे. लवकर उत्तर लिही, बाळा, मी तोवर —