माहेरवाशिणीचे मासे

नवीन पनवेल
४ ऑक्टोबर २०२४

ती. गणूकाकांस,
सा. न. वि. वि.

शाळेच्या वसतिगृहात तुम्ही लावलेली पत्रांची सवय अजून सुटत नाही. गव्हाणच्या किनाऱ्यावर आमच्या कंपनीने कालवांच्या शिंपल्या जाळीत भरून ज्या राशी रचल्या आहेत, त्यांच्याभोवती मासे येतात का, हे मोजायचं काम मला मिळालंय. दर महिन्याला आठ सापळे लावायचे नि दुसऱ्या दिवशी ओहोटीला उघडायचे. तोवर तुम्ही लक्ष ठेवा.

पहिल्या खेपेला आठांत मिळून तीन चिंबोऱ्या निघाल्या. असंच चाललं तर मार्चनंतर नोकरी नाही, असं साहेब म्हणाले. बाबा गेल्यावर तुम्ही मला एवढं शिकवलंत, आणि मी बसलेय चिंबोऱ्या मोजत. हसा आता.

काकूला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची कीर्ती

गव्हाण
६ मार्च २०२५

सौ. कीर्तीस गणूकाकाचे अनेक आशीर्वाद.

बाय, तुझ्या राशींना मासे लागले म्हणून गावात पेढे मीच वाटले. आज नोटीस लागली. तुमची कंपनी आमची जुनी खाडी बुजवणार. माशांना राशींपाशी नवं घर मिळालं, असं लिहून खाली तुझ्या मोजणीचा दाखला दिलाय.

ते मासे मीच सोडत होतो. माहेरवाशिणीचं टोपलं आपण कधी रिकामं पाठवत नाय. तू यायच्या आधी जुन्या खाडीतले बोईट नि जिताडे जिवंत आणून तुझ्या सापळ्यांत टाकायचो. तुझी नोकरी टिकावी, एवढंच डोक्यात होतं.

खाडी गेली तर चाळीस होड्या चिखलात बसतील, त्यात माझी पण. सोमवारच्या सुनावणीआधी साहेबांना खरं सांग. दोष माझा, मी कबूल करीन. रागाव हवं तेवढं, पण बोल.

जावईबापूंना आशीर्वाद. काकाला परका करू नको.

गणूकाका

नवीन पनवेल
८ मार्च २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नवीन काही कळलं नाही. दुसऱ्याच महिन्यात एका जिताड्याच्या कल्ल्यापाशी जाळ्याचा वळ दिसला. सापळ्यात आपणहून शिरलेल्या माशाला तो नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. तरी मी मोजले. खाडीचं माहीत होतं. कंपनीला आकडे हवे होते नि मला बढती. ती मिळाली.

सुनावणीला येऊ नका. आलात तर सापळ्यांत ढवळाढवळ केल्याची तक्रार मलाच करावी लागेल. होडीवाल्यांना वॉचमनची कामं मिळतील, मी शब्द टाकीन.

गुडघ्याला तेल लावत जा. आशीर्वादाचा हात काढू नका.

तुमची कीर्ती

गव्हाण
१० मार्च २०२५

कीर्तीस,

हे पत्र काकू लिहितेय. तू पत्रात नको म्हटलंस तरी ते आज सुनावणीला उभे राहिले नि सगळं बोलले. अधिकाऱ्यांनी तुला विचारलं. हे गृहस्थ किनाऱ्यावर फिरत असतात, वयामुळे त्यांचा गोंधळ होतो, असं तू म्हणालीस. लोक हसले. गृहस्थ.

हल्ली त्यांना लांबचं ऐकू येत नाही. पोर काय बोलली, असं त्यांनी मला विचारलं. माझे काका खरं बोलतायत, असं तू म्हणालीस, हे मी सांगितलं. ते डोळे पुसत बाहेर आले. वाटेत भेटेल त्याला तुझं कौतुक सांगत होते. आता होडीला रंग काढतायत.

उद्या मातीचे डंपर येतील. तेव्हा त्यांना काय सांगू, ते तूच कळव.

त्यांनी आशीर्वाद सांगितलेत. माझे नाहीत.

शांती